येसाजीची दिल्ली

येसाजी शिडीला लागला की वाडीतल्या बायका भाताचं आधण ठेवायच्या. घड्याळं होती दोन-तीन घरांत, पण ती मुंबईच्या पोरांनी आणलेली, भिंतीवर शोभेला टांगलेली आणि आपल्या मर्जीनं चालणारी. येसाजीचं तसं नव्हतं. दिवेलागणीला तो एकदा मुंबई आणायला चढायचा आणि जेवणाच्या सुमाराला एकदा दिल्ली आणायला. मुंबई आली की मराठी बातम्या, दिल्ली आली की हिंदी. दिल्ली आल्यावर ज्यांना हिंदी कळायचं नाही ते आपापल्या घरी जेवायला जायचे, आणि ज्यांना कळतं असं वाटायचं ते बसून राहायचे.

पोलादपूरकडून उमरठच्या बाजूला वर गेलं की डोंगराच्या कुशीत ही वाडी. साऱ्या वाडीत टीव्ही एकच, येसाजीचा. तो त्याच्याकडे आला महाडच्या अजमलच्या दुकानातून. अजमलचा भाऊ मुदस्सर कुवेतहून रंगीत टीव्ही घेऊन आला, तेव्हा त्यांच्या घरातला काळा-पांढरा दुकानात येऊन बसला. येसाजीच्या किशोरनं तो मुंबईच्या पहिल्या पगारात आईबापासाठी घेतला. बसवायला अजमल स्वतः आला होता. घराच्या आढ्याला बांबू बांधला, बांबूवर अँटेना चढली, येसाजी वर बांबू धरून बसला आणि खाली अजमल ओरडत राहिला, "अजून थोडं... अजून... बस्स काका, हलू नका! झालं!"

आणि तो ‘झालं’ म्हणाला त्याच क्षणी चित्र गेलं.

आता त्यात येसाजीचा काही दोष नव्हता. त्या वेळेला मुंबईचा कार्यक्रम संपत असे आणि दिल्लीचा सुरू होत असे. हा बदल वरच्या वर व्हायचा. मुंबईची माणसं आपलं आवरायची, दिल्लीची माणसं आपलं मांडायची, आणि कुठल्याशा टॉवरवर बसलेला कोणी एक जण एकीचं दार लावून दुसरीचं उघडायचा. मध्ये थोडा वेळ पडदा मोकळा राहायचा, एक एसटी सुटून दुसरी लागेपर्यंत पोलादपूरचा स्टँड राहतो तसा. पण हे वर बसलेल्या येसाजीला कसं कळणार? त्याला वाटलं, आपल्याच हातून बांबू हलला. त्यानं घाबरून चार बोटं इकडे फिरवला, आणि खाली धाडकन दिल्ली उगवली.

"आली! दिल्ली आली! येसाजीभावजींनी दिल्ली आणली!" शेजारची चंद्राबाई जी ओरडली, ती पार खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेली.

अजमल काहीतरी सांगायला तोंड उघडत होता. पण तेवढ्यात चहा आला, चहामागून पोहे आले, आणि खाली जाणारी शेवटची जीप हॉर्न वाजवायला लागली. सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी येसाजीनं बांबूवर दोन रेघा ओढल्या. चुन्याची मुंबई, गेरूची दिल्ली. अंतर चार बोटांचं. त्या चार बोटांत दोन्ही जागी चित्र सारखंच यायचं, हे बघायची कोणाला गरजच पडली नाही.

येसाजीच्या बायकोला, रखमाला, खरं कळलं ते एका संध्याकाळी, येसाजी दिवसकार्याला उमरठला गेला होता तेव्हा. तिनं एकटीनंच टीव्ही लावला होता. मुंबई संपली, पडदा मोकळा झाला. आता उठून बंद करावा म्हणून ती पुढं झाली, तर न बोलावलेला पाहुणा ओसरीवर येऊन बसावा तशी दिल्ली आपली आपण येऊन बसली. वर छपरावर कोणी नाही. बांबू चुन्यावर. रखमानं दचकून बटण दाबलं आणि दार लावून घेतलं, जसं काही तिनंच कुठं चोरी केली होती.

सकाळी चंद्राबाईनं विचारलं, "काल दिल्ली नाय लावलीस गो वयनी?"

"हे नव्हते ना घरी," रखमा म्हणाली, "कुठची येतेय!"

का म्हणाली तसं? तर येसाजीला आजवर कोणी कशाला विचारलं नव्हतं. ग्रामसभेत तो मागच्या भिंतीला, लग्नात शेवटच्या पंगतीला. कोणाशी वाकडं नाही, त्यामुळे कोणाला त्याची आठवणही नाही. आणि आता पाटलाच्या घरची माणसंसुद्धा दारात येऊन म्हणत, "येसाजीराव, जरा लवकर दिल्ली आणा की, क्रिकेट हाय." तो लवकर चढायचा. दिल्ली यायची तेव्हाच यायची, पण उशीर झाला तर येसाजी गंभीरपणे म्हणायचा, "आज वारा आडवा हाय." रखमा रोज दारात उभी राहून वर तोंड करून ओरडायची, "आली, आली! हां, थांबा! झ्याक आली!" आणि येसाजी धोतर झटकत उतरायचा तो पंधरा वर्षांनी तरुण होऊन.

असं सगळं सुखात चाललेलं असताना किशोरच्या लग्नाचं निघालं.

मुलगी महाडकडच्या सव गावची, शकू. तिचा बाप मुरारी याचं सवेला गरम पाण्याच्या कुंडांच्या वाटेवर चहा-भज्यांचं दुकान. कुंडावर येणारा प्रत्येक माणूस आपला रोग आणि आपली थोरवी मुरारीला सांगून जाई, त्यामुळे त्याचा कोणाच्याच थोरवीवर विश्वास उरला नव्हता. किशोर आईबापांबरोबर मुलगी बघायला गेला तेव्हा मुरारीनं सरळ विचारलं होतं, "मुंबईला काय करतोस?"

"डेकोरेटरकडं हाय. सरकारी फंक्शन असतात. मंत्र्यांच्या बाजूलाच ड्यूटी असते."

"मुंबईला गेलेला जो तो मंत्र्याच्या बाजूलाच कसा राहतो रे?" मुरारी म्हणाला. "लांब कोण राहतच नाय?"

किशोरनं चहाचा कप उचलला. लहानपणी दाराच्या फटीत चेंगरलेला त्याचा डावा अंगठा वाकत नसे. कप धरला की तो कोंब फुटल्यासारखा वर उभा राही. मुरारीची बायको ठमाबाई त्या अंगठ्याकडे बघत राहिली. रखमाला वाटलं, झालं, अंगठ्यावरून मोडणार. पण अंगठ्यावरून मोडलं नाही. मोडलंही नाही आणि जमलंही नाही. मुरारीनं निरोप धाडला, ‘मुलाचं काम डोळ्यांनी बघू, मग बोलू.’ शकूला मुलगा पसंत होता, किशोर तर सवेहून आल्यापासून कोणाशी धड बोलत नव्हता, आणि रखमाचा जीव टांगणीला लागला होता.

आणि अशात भात झोडून मोकळं झाल्यावर एका दुपारी अजमलची जीप वाडीत आली. पुढच्या सीटवर मुरारी, मागे ठमाबाई.

"काकी, किशोरचा फोन आलावता दुकानावर!" अजमल उतरता उतरताच ओरडला. "आज सकाळी मोठं उद्घाटन झालं मुंबईत. मंत्र्यांनी फीत कापली, आणि कात्रीचं तबक कोणाच्या हातात? आपल्या किशोरच्या! कॅमेरा होता. सातच्या मराठी बातम्यांत दाखवणार. मी सरळ सवेला गेलो नि यांना उचलूनच आणलं. म्हटलं, चला, डोळ्यांनी बघा."

"आमच्याकडंबी हाय टीव्ही," मुरारी ओसरीवर बसत म्हणाला. "पण हा अजमल ऐकंना. म्हणला, मुलाच्या घरात बसून बघा."

रखमाला अजमलच्या डोक्यावरून हात फिरवावा असंही वाटलं आणि त्याच हातानं एक द्यावी असंही वाटलं. घरात साखर होती की नाही, ते आधी बघायला हवं होतं.

दिवेलागणीला अख्खी वाडी ओटीवर लोटली. चंद्राबाईनं व्याह्यांसाठी आपल्या घरून खुर्च्या आणल्या आणि एकीवर स्वतःच बसली. येसाजीनं नवं धोतर नेसलं, टोपी सारखी केली आणि बॅटरी घेऊन शिडीकडे निघाला.

"व्याही, तुम्ही कुठं निघालाव?" मुरारीनं विचारलं.

"मुंबई आणायला."

"आणायला म्हंजी?"

"बांबू फिरवायला लागतो," चंद्राबाई अभिमानानं म्हणाली. "चुन्यावर मुंबई, गेरूवर दिल्ली. आमच्या भावजींशिवाय कोणाला जमत नाय."

मुरारीनं चहाची बशी खाली ठेवली. "आमच्याकडं तर आपोआप येते."

अजमल खाकरला. "तसं बघायला गेलं तर, चाचा, अँटेनाचं काय असतं..."

"अजमल, भजी घे!" रखमानं त्याच्या हातात बशी कोंबली आणि असे डोळे केले, की त्यानं निमूट दोन भजी एकदम तोंडात घातली. "सव सपाटीला हाय," ती मुरारीला म्हणाली. "इथं डोंगर आडवा येतो. तुमच्याकडं आपोआप येणारच."

मुरारीनं ‘असेल’ अशी मान हलवली. ती ‘नसेल’ अशीही वाचता आली असती.

मुंबई आली. रखमा ओरडली, "आली, आली! हां, थांबा!" एरवी येसाजी खाली उतरायचा. आज त्यानं वरूनच सांगितलं, "आज मी हितंच बसतो गो! बातम्या संपेपर्यंत बांबूला वाऱ्याची झुळूक लागू देत नाय!"

"अवो, पण पोराला बघायचं नाय तुम्हाला?"

"तुम्ही बघा. दिसला की सांग."

सातच्या बातम्या सुरू झाल्या. बातम्या देणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच काहीतरी सांगितलं, की आज मध्ये थोडा वेळ दिल्लीहून विशेष प्रसारण होईल. पण ते कोणी ऐकलं नाही. कारण त्याच वेळी चंद्राबाई सगळ्यांना ‘गप ऱ्हा रे’ म्हणून ओरडत होती. मग कुठलासा मोर्चा झाला, कांद्याचे भाव झाले, धरणाचं पाणी झालं. रखमाला आयुष्यात कांद्याचा इतका राग कधी आला नव्हता.

"...या नव्या इमारतीचं उद्घाटन आज सकाळी मंत्रिमहोदयांच्या हस्ते..." बाई म्हणाल्या. पडद्यावर फुलांची कमान आली. कमानीखाली माणसांची गर्दी. मंत्रिमहोदय हसत हसत पुढं आले, त्यांनी बाजूला हात केला, आणि...

आणि पडदा मोकळा झाला. मग चर्र असा आवाज झाला आणि मोठ्या टेबलामागं बसलेला एक गंभीर माणूस हिंदीत बोलायला लागला.

"दिल्ली!" चंद्राबाई किंचाळली. "भावजी! दिल्ली आली! दिल्ली कशाला आणलीत आता?"

"मी नाय आणली!" वरून आवाज आला.

"मग काय आपल्या पायांनी आली?"

"अगं, मी बोट नाय लावलं बांबूला!"

"येसाजी, मुंबई आण! लवकर! पोरगं जाईल तिकडं!" सगळी ओटी ओरडायला लागली.

इतकी वर्षं ज्याच्या हातात मुंबई-दिल्ली दिली होती, त्याचंच बोट न लावता दिल्ली येते हे कोण मानणार? येसाजीनं अंधारात बॅटरी लावून बघितलं. बांबू नीट चुन्यावर होता. पण बातम्या चालू असताना मध्येच दिल्ली, असं कधी झालं नव्हतं. खालचा ओरडा थांबेना, म्हणून त्यानं बांबू गेरूवर नेला. दिल्लीच. परत चुन्यावर आणला. दिल्लीच. मग त्यानं चुन्याच्याही पलीकडे नेला, जिथं आजवर कधी गेला नव्हता. खाली टेबलामागच्या माणसाची दोन माणसं झाली, मग चार झाली, मग नुसता चुरमुऱ्यांचा पाऊस.

"गेली! सगळीच गेली!" चंद्राबाई ओरडली. "मागं घ्या! मागं!"

"कुठलं मागं?"

"तुमच्या मागं नाय, आमच्या मागं!"

येसाजी घाईत वळला. कौल करकरलं, फुटलं, आणि टीव्हीच्या वर छपरातून गुडघ्यापर्यंत एक पाय खाली आला. कौलाचा चुरा आणि वर्षानुवर्षांची काजळी मुरारीच्या टोपीवर आणि ठमाबाईच्या भज्यांत पडली. पाय तिथंच लोंबकळत राहिला, नव्या धोतराच्या काठासकट.

मुरारी उठला. त्यानं टोपी काढून झटकली.

"पोरगं बघायला बोलावलंत," तो म्हणाला, "आणि दाखवलात बापाचा पाय."

त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"आता माझं जरा ऐका," मुरारी म्हणाला. "ह्यांच्याशिवाय दिल्ली येत नाय, असं तुम्ही सगळेच सांगताव. बरं. मग नेमकं पोराची बातमी लागायला आणि दिल्ली यायला गाठ कशी पडली? तबक होतं म्हणं, कात्री होती म्हणं. काय नव्हतं. पोरगं तिथं नव्हतंच, हे बापाला ठावं होतं. म्हणून वर जाऊन बसला नि वेळेवर दिल्ली फिरवली. मी गिऱ्हाइकं बघत केस पिकवले हायत. चल गो, उठ. अजमल, जीप काढ."

मुरारीचं म्हणणं चूक होतं, पण त्यात एकही फट नव्हती. येसाजी दिल्ली आणतो हे खरं असेल, तर येसाजी लबाड ठरत होता आणि किशोरचं लग्न गेलं होतं. लबाडी नाही म्हणायचं, तर येसाजी दिल्ली आणतच नाही, असं सांगायला हवं होतं. एवढ्या माणसांत. चंद्राबाईच्या समोर. रखमानं अजमलकडे बघितलं. अजमल भज्याची रिकामी बशी छातीशी धरून ‘मी सांगू का’ अशा नजरेनं तिच्याकडे बघत होता. मग तिनं वर त्या लोंबकळणाऱ्या पायाकडे बघितलं. टाचेला भेगा पडल्या होत्या. सकाळीच ती म्हणाली होती, व्याही येतील कधीतरी, जरा खोबरेल लावा.

एका बाजूला लेक आणि एका बाजूला ही टाच.

"भावजी, थांबा," ती मुरारीला म्हणाली. "ह्यांनी नाय आणली दिल्ली. दिल्ली काय, ह्यांच्या..."

"रखमे, गप," वरच्या भोकातून आवाज आला. "मी सांगतो."

सगळ्यांनी वर बघितलं. येसाजी दिसत नव्हता, नुसता पायच होता. त्यामुळे तो पायच बोलतोय असं वाटत होतं.

"व्याही, माझ्यानं दिल्ली येत नाय," पाय म्हणाला. "मुंबईबी येत नाय. कधीच येत नव्हती. ती तिकडनंच बदलतात. आपोआप येते, तुमच्याकडं येते तशीच. मी उगाच वर बसतो. मला ठावं हाय ते. पोराला ह्यातलं काय ठावं नाय. पोरगं खोटं बोलत नाय माझं. खोटा मी हाय."

मग चंद्राबाईनं मोठा उसासा टाकला.

"बघा," ती म्हणाली, "व्याह्यांसमोर किती लीन झालाय माणूस!"

"येसाजीचा स्वभावच तसा," मागून कोणीतरी म्हणालं.

"म्हणे माझ्यानं येत नाय! मग काय आमच्यानं येते?"

मुरारी मात्र उभा होता तो उभाच राहिला. इतका वेळ एक शब्द न बोललेल्या ठमाबाईनं भज्यातला कौलाचा तुकडा बोटानं बाजूला काढला आणि ते भजं तोंडात टाकलं.

"बसा ओ खाली," ती नवऱ्याला म्हणाली. "कुंडावर रोज शंभर माणसं आपली मोठी गोष्ट सांगून जातात. आपली मोठी गोष्ट खोटी हाय म्हणून सांगणारा कोण भेटलाय का तुम्हाला? आणि तोबी पाय अडकल्यावर! बसा."

मुरारी बसला. अजमलनं शिडीवर चढून येसाजीचा पाय वर ओढला. तेवढ्यात टीव्हीच्या चुरमुऱ्यांतून दिल्लीचा आवाज धन्यवाद म्हणाला आणि थांबला.

"बातम्या परत लागतील आता," अजमल शिडीवरून म्हणाला. "काका, बांबू फार लांब गेलाय. तो तेवढा मागं घ्या. तुमच्या चुन्यावर."

"नको," येसाजी म्हणाला. "आता मी नाय हात लावत."

"अवो, घ्या ना मागं!" रखमा दारातून वर तोंड करून ओरडली. "दुसरं कोणाला जमणार हाय?"

क्षणभर वर काही हललं नाही. मग बांबू करकरला.

"अजून... अजून जरा... आली! आली, आली! थांबा! झ्याक आली!"

मुंबई आली. चंद्राबाईनं दोन्ही हात मुरारीपुढं नाचवले. "आणि म्हणे आपोआप!"

बाई पुन्हा म्हणाल्या, नव्या इमारतीचं उद्घाटन. पुन्हा कमान, पुन्हा गर्दी. मंत्री हसले, त्यांनी हात केला, आणि त्या हातापुढं डावीकडून एक तबक आलं. तबकाला धरलेला एक हात आला. हाताला मनगट होतं, मनगटाला थोडी बाही होती, आणि त्याच्या पुढे चित्र संपत होतं. किशोर तिथून पुढे होता, टीव्हीच्या लाकडी पेटीत कुठंतरी. फीत कापली, टाळ्या वाजल्या आणि कांद्याच्या जागी या वेळी कापूस आला.

ओटीवरची माणसं पेटीच्या कडेकडे वाकून बघायला लागली. चंद्राबाईसुद्धा. रखमाचे डोळे भरून आले होते, पण तिचं कोण ऐकणार? आईला तर दगडातही लेकरू दिसतं.

"अंगठा," ठमाबाई म्हणाली.

"काय?"

"अंगठा वर हाय. तबकाच्या कडेला, कोंबासारखा. आपल्याकडं कप असाच धरलावता पोरानं. मी तेव्हाच बोलली तुम्हाला, पोराला अंगठ्याचं काय तरी हाय म्हणून."

मुरारीनं हनुवटी खाजवली. पडद्यावरच्या कापसाकडे बराच वेळ बघितलं.

"तबक हललं नाय," शेवटी तो म्हणाला. "मंत्र्याच्या म्होरं कात्री वाजली नाय तबकात. मी तीस वर्षं ताटल्या उचलतोय, मला कळतं. हात चांगला हाय पोराचा." आणि मग घसा साफ करून, "पुढचं बोलायला तुम्ही कधी येताव सवेला?"

"दिसला का गो?" वरून येसाजीचा आवाज आला. त्या भोकातून आता त्याचं तोंड दिसत होतं, काजळीनं माखलेलं. "रखमे, दिसला का किशोर?"

"दिसला!" अख्खी ओटी ओरडली.

"कसा दिसला?"

रखमानं पदरानं डोळे पुसले. "झ्याक दिसला," ती म्हणाली. "उतरा आता खाली. व्याही थांबलेत."

पाहुणे गेल्यावर रखमा त्याच्या पायाला हळद लावत बसली.

"तुम्हाला कधीपासून ठावं व्हतं?" तिनं विचारलं.

"मागल्याच्या मागल्या पावसात. एकदा कौलं निसरडी झालीवती म्हणून वर गेलोच नाय. शिडीपाशी पागोळीखाली उभा ऱ्हायलो. आली तरी." येसाजीनं तिच्याकडे बघितलं नाही. "आणि तुला?"

"तुम्ही उमरठला गेलावतात तेव्हा."

"मग बोलली नाय ती!"

"तुम्ही तरी कुठं बोललात? ठावं होतं तर रोज चढत कशाला होतात? गुडघे दुखतात म्हणून रात्रभर मलाच उठवायला?"

येसाजीनं पाय आखडून घेतला. हळद झोंबली असावी.

"तू खालून ओरडायचीस ना," तो म्हणाला. "‘आली, आली’ म्हणून. दिवसभरात दुसरं कशाला तू इतकं आनंदानं बोलत नायस माझ्याशी."

रखमानं तो पाय ओढून पुन्हा मांडीवर घेतला आणि आवश्यक नव्हती तिथंही हळद लावली.

लग्नाच्या बस्त्याला महाडला गेली तेव्हा रखमाला ठमाबाई भेटली. साड्या बघता बघता ठमाबाई हळूच कानाशी आली.

"वयनी, तुमच्या माणसानं आमच्या माणसाला काय खायला घातलं ओ? रोज सातच्या आधी छपरावर चढतो. मी म्हणते, आपल्याकडं आपोआप येते. तर म्हणतो, आपोआप येणाऱ्याला कोण इचारतं? कुंडावरली माणसं जमतात आता बघायला. भजी बरी खपतात."

रखमानं हातातली साडी खाली ठेवली.

"आणि खालून ‘आली, आली’ कोण म्हणतं?"

ठमाबाई दुकानदाराकडे तोंड फिरवून उगाचच एका लुगड्याचा काठ चाचपायला लागली.

"मीच म्हणते," ती म्हणाली. "दुसरं कोण हाय त्याला?"